लग्न झालं हो त्यांचं!

दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये काय ठेवावं याबद्दल आमच्या घरात कधीच एकमत नव्हतं. पण ऑड्री टू येईपर्यंत तिथल्या गणपतीला, कथकली नर्तकाला आणि राजस्थानी बाहुल्यांना निदान डोकं तरी होतं. ऑड्री टूला नुसता जबडा आहे. उंची वीतभर. खाली कुंडी, कुंडीतून वळवळत बाहेर आलेल्या मुळ्या, आणि वर जाड ओठांचा, पांढऱ्याशुभ्र दातांचा हिरवा जबडा. मागची कळ दाबली की उघडतो, सोडली की खटकन मिटतो.

‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ या १९८६ च्या अमेरिकी सिनेमातलं हे झाड. माणसं खातं आणि वर गाणी म्हणतं. गरीब वस्तीतल्या एका बुडीत फुलांच्या दुकानात सीमूर नावाचा बावळट नोकर ते वाढवतो, दुकानातल्या ज्या मुलीवर त्याचा जीव आहे तिचंच नाव झाडाला देतो, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की याला शेणखत चालत नाही, रक्त लागतं. एवढी माहिती खोक्याच्या मागच्या बाजूला छापलेली होती. माझाही या विषयातला अभ्यास त्या वेळी तेवढाच होता.

न्यूयॉर्कमध्ये याच कथेचं संगीत नाटक २०१९ पासून पुन्हा जोरात सुरू आहे. न्यू जर्सीतल्या पुतण्यानं ते पाहिलं आणि स्वतःसाठी हे खेळणं घेतलं. अशा वस्तूंच्या किमती पुढे वाढतात असं मी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून त्याला म्हटलं, मलाही एक पाठव कुरिअरनं, वर ‘भेट’ असं लिही. त्यानं मला कायदा ऐकवला. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूला कस्टम्सची माफी नाही, शुल्क भरावंच लागतं. अपवाद दोनच : जीवरक्षक औषधं आणि राख्या. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा नाही, नुसती राखी. हे खेळणं यातल्या कशातही बसवता येईना. शेवटी दिवाळीत पुतण्या स्वतः आला तेव्हा त्याच्या बॅगेतून, मोजे आणि चॉकलेटं यांच्या मधून, ऑड्री टू ठाण्यात दाखल झालं.

घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, “हे काय?” ‘पुतण्यानं दिलंय’ एवढंच म्हणालो असतो तर विषय तिथंच मिटला असता. मी म्हणायचो, “कल्ट फिल्म आहे. तुम्ही पाहिली नसेल.” या वाक्याची खुबी अशी की समोरचा ओशाळतो, आणि ‘तुम्ही तरी पाहिलीय का?’ हे विचारायचं राहून जातं. फक्त आमच्या कामाच्या मावशी ओशाळल्या नाहीत. त्या रोज त्याच्या कुंडीत पाणी घालत राहिल्या आणि एक दिवस म्हणाल्या, “काका, हे झाड काय धरत नाही. फेकून द्या.”

मग वर्गणी न्यायला आमच्या फिल्म क्लबचे सचिव आले. शोकेससमोर उभे राहिले, मी माझं नेहमीचं वाक्य टाकलं, आणि ते म्हणाले, “मग येत्या रविवारी हाच दाखवू या. नंतर अर्धा तास तुम्ही बोला. आणि हे ध्यान घेऊन या टेबलावर ठेवायला.”

सिनेमा बघणं आता भागच होतं. पुतण्यानं घाईघाईनं कुठूनशी सोय करून दिली. भयपट मला सोसत नाही, त्यामुळे सगळे दिवे लावून, आवाज बारीक करून आणि बायकोला शेजारी बसवून बघितला. ती पहिल्या वीस मिनिटांत झोपली. मी मात्र, खरं सांगतो, गुंतलो. ते झाड म्हणजे संगणकाची करामत नाही, खरीखुरी बाहुली आहे. दिग्दर्शक फ्रँक ओझ मुळात बाहुल्यांच्या दुनियेतला, ‘स्टार वॉर्स’मधल्या योडाला हात आणि आवाज देणारा. मोठं झालेल्या झाडाचा तो अवजड जबडा गाण्याच्या वेगानं हलेना, म्हणून कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १२ किंवा १६ चौकटींवर चालवायचा, आणि सीमूर झालेल्या रिक मोरानिसनं तेवढंच सावकाश हलायचं, सावकाश ओठ हलवायचे. पडद्यावर सगळं नेहमीच्या वेगानं दिसतं. हे कळल्यावर मी एक गाणं पुन्हा लावलं आणि कुठं चोरी सापडते का ते बघितलं. सापडली नाही.

आणि शेवट! नायिका सीमूरच्या मिठीत प्राण सोडते. तिच्याच इच्छेप्रमाणे तो तिला झाडाच्या स्वाधीन करतो. मग झाड त्यालाही गिळतं, त्याची रोपं अमेरिकाभर विकली जातात, शहरंच्या शहरं उद्ध्वस्त होतात आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावर वेली चढतात. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं,” आणि कूस बदलली.

रविवारी सिनेमा चालू असताना मी आत बसलोच नाही. नुकताच तर पाहिला होता. बाहेरच्या खोलीत चहा घेत भाषणाची टिपणं घोकत होतो. वेळ झाल्यावर आत गेलो, ऑड्री टू टेबलावर ठेवलं, आणि गंमत म्हणून टिपणांचे कागद त्याच्या जबड्यात खोचले. त्याला लोक हसले. कागद काढायला गेलो तर कळ अडकलेली. जोर लावला तेव्हा वरचा अर्धा भाग माझ्या हातात आला, खालचा झाडानं ठेवून घेतला. त्यालाही लोक हसले. तेही ठरवूनच केलंय अशी त्यांची समजूत झाली.

वरच्या अर्ध्या भागावर मी उत्तम बोललो. मूळ सिनेमा १९६० चा, रॉजर कॉर्मननं तो दोन दिवसांत उरकला आणि त्यात दाताच्या डॉक्टरचा एक भलताच हौशी रुग्ण झालेला पोरगा म्हणजे जॅक निकल्सन. त्यावरून हॉवर्ड ॲशमन आणि ॲलन मेंकेन यांनी १९८२ मध्ये संगीत नाटक केलं. हीच जोडी पुढे डिस्नेच्या ‘द लिटल मरमेड’ला गेली. झाडाचा आवाज ‘फोर टॉप्स’च्या लेव्ही स्टब्सचा. सभागृह माना डोलावत होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मला शेवटाबद्दल बोलायचं होतं.

“आत्ता आपण सगळेच एका धक्क्यात आहोत,” मी म्हणालो. समोर सगळे प्रसन्न होते. “ती त्याच्या मिठीत प्राण सोडते,” इथं माझा आवाज खरोखर दाटून आला, “आणि तो स्वतःच्या हातांनी तिला...” पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मी ती भावनावेग समजलो. मी न्यूयॉर्क पाडत पाडत पुतळ्यापर्यंत पोचलो तेव्हा कानटोपी घातलेले एक आजोबा उभे राहिले.

“लग्न झालं हो त्यांचं!”

“कोणाचं?”

“त्या दोघांचं. झाडाला विजेचा झटका बसला, ते फुटलं, आणि हे दोघं नव्या घरात राहायला गेले. टुमदार घर, कुंपण, हिरवळ. आत्ताच पाहिलं आम्ही सगळ्यांनी.”

अशा वेळी सभ्य माणूस पाणी मागतो. मी म्हणालो, “अगदी बरोबर. पण ते घर आधी कुठं पाहिलंत, आठवा.”

सभागृह आठवू लागलं. सिनेमाच्या पहिल्या भागात ऑड्रीचं एक गाणं आहे, त्यात ती अशाच घराचं स्वप्न बघते. “तेच घर, तेच कुंपण!” मी टेबलावर हात आपटला. “म्हणजे ते लग्न झालंच नाही. मरणाऱ्या सीमूरनं शेवटच्या क्षणी पाहिलेलं ते तिचं स्वप्न आहे.”

एक बाई ‘अगं बाई’ म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, “मग बागेत ते छोटं रोपटं हसतं, त्याचं काय?” असं काही रोपटं असतं हे मला तेव्हाच कळलं. “मृत्यूचं भान,” मी म्हणालो. टाळ्या पडल्या. आजोबा खाली बसून वहीत लिहून घेऊ लागले.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक कॉलेजातली मुलगी हातात मोबाइल घेऊन उभी राहिली. “काका, तुम्ही २०१२ ला आलेली डिरेक्टर्स कट पाहिलीय का?” मग तिनं अत्यंत आदरानं मला सोलून काढलं. ओझनं आधी सगळे मरतात तोच शेवट चित्रित केला होता. सॅन होजेच्या चाचणी खेळाला प्रेक्षकांना तो मुळीच रुचला नाही, म्हणून नवा गोड शेवट घेऊन सिनेमा प्रदर्शित झाला. जुना शेवट डागडुजी होऊन बाहेर यायला २०१२ उजाडलं. तो न रुचण्याचं कारण ओझनंच सांगितलेलं आहे : नाटकात मेलेले नट शेवटी पुढे येऊन नमस्कार करतात, प्रेक्षक निर्धास्त घरी जातो, सिनेमात मेलेला परत येत नाही.

हे मला पटलं. आपल्याकडेही तलवारीनं पडलेला नट पडदा पुन्हा वर गेल्यावर मिशी सावरत हात जोडतोच की. पण सीमूरनं माणसं खाऊ घालून नाव कमावलेलं असतं. त्याला झाडानंच खावं यात मला न्याय वाटतो, आणि सॅन होजेकरांनी सिनेमाचं नुकसानच केलं असं माझं मत आहे. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण आजोबांनी वहीतलं पान फाडलं आणि मोठ्यानं म्हणाले, “यांचं स्पष्टीकरण जास्त बरं होतं. खरं असतं तर.”

आभारप्रदर्शनात सचिवांनी ‘वक्त्यांनी चित्रपट पाहून सभासदांच्या विचारांना चालना दिली’ असं वाक्य घेतलं. त्यातल्या ‘पाहून’वर त्यांनी जरा जास्तच भर दिला असं मला वाटलं.

पुढचा सिनेमा १९७५ चा ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’. तुम्ही पाहिलाय का, असं या वेळी त्यांनी थेटच विचारलं. “म्हणजे काय! कल्ट फिल्म आहे,” मी म्हणालो. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून तो मध्यरात्री लागायचा. लोक पात्रांसारखे नटून जातात, पावसाच्या प्रसंगी डोक्यावर वर्तमानपत्र धरतात आणि सुरुवातीच्या लग्नात पडद्याच्या दिशेनं तांदूळ उधळतात. म्युनिकच्या एका थिएटरात तर तो १९७७ पासून चालूच आहे. हे मी सचिवांना ऐकवलं, आणि त्या रात्रीच त्यांचा फोन आला. सभागृहाच्या रखवालदारानं परवानगी दिली होती, पण पाणी उडवायचं नाही आणि झाडून आपलं आपण घ्यायचं. अक्षतांसाठी पाच किलो कोलम सांगावा की कणीवर भागेल, असा प्रश्न होता.

“कणी चालेल,” मी म्हणालो.

फोनवर जरा वेळ शांतता. मग सचिवांनी घसा खाकरला. “यातलं लग्न नक्की होतं ना? नाही, तांदूळ सांगायचेत म्हणून विचारतो.”