सहलकाका

सहलकाका हे कुणाचेच सख्खे काका नसतात. ठाण्यापासून दहिसरपर्यंत कुठल्याही सोसायटीत हा माणूस सापडतो. वय साठीकडे झुकलेलं, स्वतःची मुलं नोकरीनिमित्त बंगळुरूला, आणि रविवारी सकाळी साडेसातला जिन्यात खणखणीत हाक, "चला रे, बाटल्या भरल्या का?" दारं उघडतात, टोपी घातलेलं एकेक पोर बाहेर ढकललं जातं, दारं लागतात. आईबाप पुन्हा पांघरुणात. काकांचे आभार मानायची पद्धत नाही. संध्याकाळी परतल्यावर "फार ऊन लागलं का हो याला?" एवढी चौकशी होते, तीही जरा जाब विचारल्यासारखी.

काकांच्या पिशवीत इलेक्ट्रॉल, सेफ्टी पिना, जुनी वर्तमानपत्रं, कुणाच्याच मापाची नसलेली एक जादा चड्डी आणि सुतळीचा गुंडा असतो. सुतळी कशाला, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. पण एकदा ती घरी राहिली तर काका मुलुंडहून परत फिरले होते.

शनिवारी रात्री ते कॅलेंडरसमोर उभे राहून तिथी पाहतात. शेजारच्या आजींना वाटतं, माणूस श्रद्धाळू आहे. काका मनात भरतीचा हिशोब करत असतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं जुनं गणित. पौर्णिमा असली तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सकाळी समुद्र तुडुंब, जुहूला जाऊन उपयोग नाही. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी ऐन बाराला. मग भर उन्हात जुहूला! ओल्या वाळूवर इवले खेकडे वाळूच्या गोळ्या वळून नक्षी मांडतात आणि चाहूल लागली की बिळात गडप होतात. पोरं पालथी पडून ते बघतात. शाळेत पावकी-पाऊणकी कुणी शिकवत नाही, पण या सोसायटीतल्या दुसरीतल्या मुलीला आठ पाऊण सहा तोंडपाठ आहे. तिच्या गणिताच्या बाईंना हे कुठून आलं ते समजत नाही.

भायखळ्याची राणीची बाग हे काकांचं खास संस्थान. (ती बुधवारी बंद असते, हे ते रविवारीसुद्धा सांगतात.) खिडकीवर कुटुंबाचं तिकीट असतं आई, बाबा आणि दोन मुलांचं. काकांबरोबर सात मुलं, आणि काकू घरी. तरी ते दर वेळी कुटुंब म्हणजे काय यावर चर्चा काढतात आणि मागच्या रांगेनं आरडाओरडा केला की निमूट सुटी तिकिटं घेतात. आत पेंग्विनच्या काचेशी इतकी गर्दी की पोरांना पेंग्विनपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. वाघ झोपलेला. अशा वेळी काका हुकमी प्राणी काढतात, जे कधी झोपत नाहीत. पहिला दगडी हत्ती. हा मूळचा घारापुरीचा. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायला निघाले तर क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते जोडून त्याला इथं उभं केलं. दुसरा काळा घोडा, सातव्या एडवर्डसकट. हा 1965 मध्ये फोर्टातून इथं आला. त्याच्या जागी 2017 साली नवा घोडा बसवला, पण त्याच्यावर कुणी स्वार नाही.

"मग राजा कुठे उतरला?" एक पोर विचारतं.

"भायखळ्याला," काका म्हणतात.

काकांच्या डोक्यातला मुंबईचा नकाशा मात्र राजा-राण्यांचा नाही. कुठल्या स्थानकावर पैसे देऊन जायचं शौचालय स्वच्छ असतं, कुठल्या इराण्याचा गल्ल्यावरचा माणूस लहान पोर बघून नाही म्हणत नाही, कुठल्या बागेतल्या नळाला दुपारी पाणी असतं, हे त्यांना पाठ. कारण शू हा सांसर्गिक प्रकार आहे. एकाला लागली की सातांना लागते, आणि ती नेहमी गाडीनं स्टेशन सोडल्यावरच लागते. मेगाब्लॉकमध्ये गाडी मधेच थांबल्यावर काका जे करतात त्याला नेतृत्व म्हणतात. ते मोठ्यांदा भुताची गोष्ट सुरू करतात. सगळा डबा ऐकतो.

मॉल त्यांना वर्ज्य. सहलीला ऊन पाहिजे, वारा पाहिजे आणि निदान एक कावळा पाहिजे, ही त्यांची व्याख्या. जुन्या डबलडेकर 2023 मध्ये बंद झाल्या तेव्हा काका दोन दिवस नीट जेवले नव्हते. नव्या वातानुकूलित डबलडेकरमध्ये वरची पुढची सीट मिळाली तरी काच उघडत नाही. "चाकं लावलेला मॉल!" असं म्हणून ते खाली उतरले. पोरं वरच बसून राहिली. माझं मत विचाराल तर पोरांचं बरोबर होतं, मे महिना होता.

मध्यंतरी आईबापांना अपराधी वाटू लागलं आणि एका रविवारी तेही आले. बोरिवलीचं नॅशनल पार्क, तिथून कान्हेरी. फाटकापासून लेणी सहाएक किलोमीटर आत. पोरांनी दगडी ओट्यांची आपसांत वाटणी करून घर-घर मांडलं. शंभरावर लेणी असल्यानं जागेवरून भांडण झालं नाही. मुंबईत ही गोष्ट दुर्मिळच. मोठी माणसं रेंज शोधत होती. एका बाबांनी बंदी झुगारून चिप्सचं पाकीट फोडलं, ते माकडानं नेलं, आणि बाबांनी तक्रार कुणाकडे करायची ते काकांना विचारलं.

पुढच्या शनिवारी एका आईनं हौसेनं विचारलं, "काका, उद्या आम्हीही येऊ?"

"पोरांना पाठवा खुशाल. तुम्हाला सांभाळणं मला झेपायचं नाही," काका म्हणाले. "दर दहा पावलांवर 'अजून किती राहिलं' विचारता. आणि शू लागली तर सांगतही नाही."