अण्णांचं दक्षिणायन

माणसाला कानटोपी घालून जन्माला येता येत नाही, ही सृष्टिरचनेतली ढोबळ चूक आहे असं मानणारी माणसं महाराष्ट्रात सगळीकडे सापडतात. घोडनदीच्या काठी त्यांची पैदास जरा जास्त. (घोडनदी म्हणजे आमचं शिरूर. जुनी माणसं अजून गावाला नदीच्याच नावानं ओळखतात.) दिवाळीची पहिली अंघोळ झाली की ह्यांची टोपी ट्रंकेतून बाहेर येते, ती होळी पेटल्याशिवाय आत जात नाही. मधल्या काळात ऊन किती पडलं, ह्याच्याशी टोपीचा काही संबंध नसतो. टोपी तिथीवर चालते.

आमच्या आळीतले अण्णा ह्या जमातीतले मानकरी. साखर कारखान्यात टाइमकीपर होते, आता निवृत्त आहेत. हजेरीच्या वहीसमोर पहाटेच्या पाळ्या काढल्यामुळे थंडीशी त्यांचं जुनं वैर. त्यांचा सिद्धान्त एकच: "थंडी अंगातनं न्हाई शिरत, कानातनं शिरती. कान बांधला की माणूस बांधला."

आता खरं सांगायचं तर शिरूरच्या थंडीला इतकं भ्यावं असं तिच्यात निम्मंच आहे. गाव पडलं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. उघडं माळरान, कोरडी हवा, निरभ्र आभाळ. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून मोकळी होते. त्यामुळे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि त्याच दिवशी दुपारी तिशीच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे हिवाळ्यातून उन्हाळ्यात जायला शिरूरकराला तिकीट काढावं लागत नाही, ओट्यावर बसून राहिलं तरी पुरतं. पण अण्णांचा दुपारवर विश्वास नाही. दुपार ही थंडीनं दिलेली हूल आहे, आपण स्वेटर काढायची ती वाटच बघत असते, असं त्यांचं मत. बँकेच्या रांगेत भर दुपारी मफलर गुंडाळून उभे असतात आणि अर्ध्या बाह्यांच्या कारकुनाकडे काळजीनं बघतात.

तर संक्रांत झाली, सूर्याचं उत्तरायण सुरू झालं आणि अण्णांचं दक्षिणायन ठरलं. तिरुअनंतपुरम, कन्याकुमारी. सोबत त्यांच्या सौभाग्यवती माई, आळीतली आणखी चार-पाच बिऱ्हाडं, आणि हिंदी-इंग्रजी बोलायला मी.

तिकडे उकडतं, हे त्यांना सांगितलं नव्हतं असं नाही. कॅनडातला पुतण्या डिसेंबरात येऊन गेला होता. तो तिकडच्या बर्फातून निघून मुंबईच्या विमानतळावर उतरला तो टी-शर्टवर. अण्णा त्याला आणायला गेले होते. त्यांनी आधी त्याच्या अंगावर शाल टाकली, मग खुशाली विचारली. त्याचं फुगीर जाकीट घडी करून दोन वितींच्या पिशवीत बसवलेलं होतं. अण्णांनी ती पिशवी दाबून पाहिली. "एवढीशी? हिच्यात ऊब कशी मावती?" पुतण्यानं जाताना काकांना प्रवासाचं शास्त्र समजावलं: एक जाड कपडा घालण्यापेक्षा पातळ थर घालावेत, आतला सुती असावा, आणि जसजसं गरम होत जाईल तसतसा एकेक थर काढावा. अण्णांनी ह्या उपदेशाचा पूर्वार्ध शिरोधार्य मानला.

निघायच्या रात्री त्यांच्या दारात क्रूझर लागली तेव्हा आत थर चढवणं चालू होतं. सगळ्यात आत कोपरी, तिला चोरखिसा. त्यावर पुऱ्या बाह्यांचा वॉर्मर. त्यावर फ्लॅनेलचा शर्ट. मग लेक पहिल्यांदा विणायला शिकली तेव्हा तिनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर. तो एका बाजूनं कमरेपर्यंत, दुसऱ्या बाजूनं जरा खालपर्यंत येतो. त्याच्यावर नातवाला रांजणगावच्या एमआयडीसीत कंपनीनं दिलेलं चेनचं जाकीट, छातीवर सुरक्षेची घोषणा छापलेली. मग मफलर, कानटोपी आणि वरून शाल. माईंचं त्या मानानं आटोपशीर होतं: नऊवारीवर बटणांचा स्वेटर, डोक्याला स्कार्फ, आणि चपलेत घालायचे ते अंगठा वेगळा असलेले मोजे. सून बॅग उचलत म्हणाली, "बघा, केवढी हलकी झालीये!" होणारच. बॅगेतलं सगळं अण्णांच्या अंगावर होतं.

माझं निरीक्षण असं, की आपल्याकडे माणूस जायच्या गावाच्या हवेप्रमाणे कपडे करत नाही. तो निघायच्या दाराप्रमाणे करतो. दारात आई असते, बायको असते, शेजारीण असते, "असेच चाललात? स्वेटर नाही?" ह्या प्रश्नाला कन्याकुमारीचं तापमान हे उत्तर होऊ शकत नाही. सासरी निघालेली लेक असो की सिंगापूरला निघालेला इंजिनिअर, दारातून बाहेर पडताना तो दारातल्यांच्या समाधानाचे कपडे घालून पडतो. अण्णा फक्त ते पुढे काढत नाहीत, एवढाच फरक.

न्हावरा-चौफुला रस्त्यानं निघालो. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, पुढे मात्र स्पीकरवर गाणं जोरात. ओव्हरटेक करायची सोय नाही. अण्णांच्या शेजारी बसणं म्हणजे गादीच्या दुकानात बसणं. मला पाटस येईपर्यंत घाम फुटला होता. अण्णांनी काच वर केली.

कन्याकुमारीची गाडी पूर्वी मुंबईहून सुटायची, आता पुण्याहून सुटते. दौंडला येते ती रात्री एकच्या सुमाराला. त्या वेळी दौंडच्या फलाटावर भीमेकडून जो वारा येतो तो खरा आहे, त्याबद्दल अण्णांशी माझं भांडण नाही. तिथे आम्ही सगळे काकडत होतो आणि ते एकटे ताठ उभे होते. त्या पेहरावाचा तोटा एवढाच, की फलाट बदलल्याची घोषणा बाकी सगळ्या दौंडला ऐकू आली, अण्णांना आली नाही. माईंनी त्यांना शालीच्या टोकाला धरून जिना चढवला.

गाडीत पहिला प्रसंग टीसीचा. ओळखपत्र मागितलं. आधार कार्ड अर्थातच कोपरीच्या चोरखिशात. शाल बाजूला झाली, मफलर सुटला, चेन खाली आली, स्वेटर वर गेला, शर्टाची बटणं निघाली, वॉर्मरच्या गळ्यातून हात आत शिरला आणि मध्येच अडकला. टीसी थोडा वेळ थांबला, मग पलीकडचे दोन कप्पे तपासून परत आला. तेव्हा कुठे कार्डाचा कोपरा दिसू लागला होता. तो म्हणाला, "राहू द्या काका, तुम्हीच आहात." अण्णांनी कार्ड पूर्ण बाहेर काढून दाखवलंच. टाइमकीपरची नोकरी केलेला माणूस. हजेरी अर्धवट ठेवणार नाही.

सकाळी रायचूर गेलं. ऊन आत आलं. अण्णांनी शाल काढली, म्हणजे मांडीवर घेतली. गुंतकल्लला दुपारी डब्यातले सगळे वर्तमानपत्रानं वारा घेत होते. अण्णांनी मफलरची एक गाठ सैल केली. समोरच्या मल्याळी गृहस्थांनी बराच वेळ त्यांचं निरीक्षण केलं आणि मग हळूच मला विचारलं, "बुखार है क्या?" मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला खालचा बर्थ अण्णांना दिला, बॅगेतून गोळी काढली आणि स्वतः वर चढले. अण्णांनी गोळी नाकारली, बर्थ स्वीकारला. मला म्हणाले, "हसत होता ना? टोपीची किंमत कळली का?"

दुसऱ्या रात्री पालघाटच्या खिंडीतून गाडी केरळात उतरली. सकाळी कोल्लमच्या बाजूला खिडकीबाहेर पाणी, नारळ, आणि हवा अशी की वाळत घातलेला रुमाल आणखी ओला व्हावा. अण्णा निथळत होते. माईंनी मोजे, स्कार्फ, स्वेटर पहाटेच उतरवून पिशवीत भरले होते. बायका अशा बाबतीत सिद्धान्त मांडत नाहीत, उकडलं की काढतात. अण्णा मात्र म्हणाले, "घाम येतोय ते चांगलंय. आत धरलेली थंडी बाहेर पडतीय."

मग तिरुअनंतपुरमचं पद्मनाभस्वामीचं देऊळ. ह्या देवळाचा नियम कडक आहे: पुरुषानं कमरेला धोतर किंवा मुंडू, आणि वर काही नाही. शर्ट नाही, बनियनसुद्धा नाही. जे काम पुतण्याच्या शास्त्राला आणि विषुववृत्ताकडच्या उन्हाला जमलं नव्हतं, ते नियमाच्या पाटीनं केलं. अण्णा पाटीसमोर उभे राहिले. "छातीला वारा लागंल," ते म्हणाले. पण देवापुढे इलाज नसतो. थर निघू लागले. सामान ठेवायच्या खिडकीवर एकेक कपडा जात होता आणि आतला माणूस दर कपड्यानंतर "झालं?" अशा नजरेनं बघत होता. कोपरी आली तेव्हा त्यानं मला खुणेनं विचारलं: सगळं एकाच माणसाचं?

आत अनंतशयनी विष्णूची अठरा फुटी मूर्ती तीन दारांतून बघावी लागते. एका दारातून मुख, एकातून नाभी, एकातून पाय. अण्णा दर्शन घेऊन बाहेर आले ते वेगळेच. दगडी मंडपातला गारवा उघड्या पाठीला लागला होता आणि काहीही झालेलं नव्हतं. खांबाला टेकून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "हे बरंय की." बाहेर येऊन जरीकाठाचे दोन मुंडू घेतले, पातळ सुती अर्ध्या बाह्यांचे सदरे घेतले, आणि लोकरीचा सगळा ढीग मोठ्या बॅगेच्या तळाशी गेला.

कन्याकुमारीला तर ते त्या वेषात मुरलेच. विवेकानंद शिलेवरचं स्मारक आपल्या विदर्भातल्या एकनाथजी रानड्यांनी उभं केलं, १९७० साली, हे मी त्यांना सांगितलं. विवेकानंद १८९२ च्या डिसेंबरात त्या खडकावर पोहत गेले होते, हेही सांगितलं. "डिसेंबरात?" अण्णा थबकले. "वय काय होतं?" एकोणतीस, मी म्हणालो. "मग ठीकंय." आम्ही होडीनं गेलो. होडीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालावं लागतं. भर दुपारी बाकीचे कुरकुरत पट्टे बांधत होते, अण्णांनी ते अंगाला चापून बसवलं, गळ्यापर्यंत आवळलं आणि समाधानानं म्हणाले, "हे शिरूरला मिळत असंल का?" जुन्या सवयी इतक्यात जात नसतात.

परतीला दौंडला उतरलो तेव्हा रात्र बरीच चढलेली. भीमेचा वारा जागेवरच होता. आम्ही सगळ्यांनी गाडीतच स्वेटर चढवले होते. अण्णा मुंडू नेसलेले, वर तो पातळ सदरा, पायात रबरी चप्पल. लोकरीची बॅग क्रूझरच्या टपावर, तिच्यावर केळ्याच्या वेफर्सची खोकी, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोर, आणि ड्रायव्हर दोर सोडायला तयार नाही. माईंनी स्वतःचा स्कार्फ त्यांच्या कानांवरून बांधला. चौफुला येईपर्यंत अण्णांचे दात वाजत होते, न्हावऱ्याला पहिली शिंक आली.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर गोधडीत बसून वाफारा घेत होते. भोवती भेटायला आलेली मंडळी. अण्णांनी पातेल्यावरचा टॉवेल बाजूला केला आणि सगळ्यांना बसलेल्या आवाजात सांगितलं, "सगळं बघा तिकडं, पण जपून. कन्याकुमारीची हवा लई बाधती."