नाताळ बघायला लंडनला

ऐन डिसेंबरात सहकुटुंब लंडन गाठलं की पहिले दोन दिवस घड्याळाशी भांडण्यात जातात. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे तीनला सगळे टक्क जागे. आजी विचारणार, "चहा टाकू का गं?" पण हॉटेलच्या इवल्याशा किटलीत चहा उकळता येत नाही, पाण्याला जरा उकळी फुटली की ती आपणहून बंद. आजोबांचं इंग्रजांविषयीचं जुनं मत तिथेच पक्कं होतं.

उजाडतं आठला, मावळतं चारच्या आत. थर्मल, स्वेटर, कानटोपी, हातमोजे चढवून दाराशी यावं, तर धाकट्याला शू लागते. त्याला सोलून पुन्हा गुंडाळेपर्यंत दुपार.

आणि 25 तारीख! 'नाताळ तिथेच बघायचा' या हट्टापायी तिकिटांना दामदुप्पट मोजलेले. त्या दिवशी ट्यूब बंद, बस बंद, ब्रिटिश म्युझियमही बंद. नाताळ असतो, पण लोकांच्या घरात, पडद्यांआड. मग आपली वरात पायीच ट्रफाल्गर स्क्वेअरला. तिथलं उंच झाड 1947 पासून दरवर्षी नॉर्वे भेट म्हणून पाठवतं, अशी बाबांची माहिती.

"म्हणजे हेही यांचं नाहीच," आजोबा.

जेवण? बाकावर बसून, हातमोजे न काढता, लक्ष्मीनारायण चिवडा. वर रिमझिम. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'व्हाइट ख्रिसमस!' फोटोपुरती जाकिटाची चेन उघडायची, नवा स्वेटर दिसायला नको?