कोरम शून्य, सुनावणी संपन्न

पतसंस्थेच्या वार्षिक सभेला कोरम लागतो. तो भरला नाही की अध्यक्ष सभा तहकूब करतात, सभासद बाहेर जाऊन चहा पिऊन येतात आणि अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी, त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच माणसांत सभा पुन्हा भरते. लोकसभेलाही एकदशांश सदस्य लागतात, घटनेच्या १०० व्या कलमात तसं लिहिलंय. म्हणजे निदान लाजेखातर का होईना, माणसं मोजण्याची पद्धत आहे.

पर्यावरणाच्या जनसुनावणीला ही लाजही नाही. प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छ नमूद आहे: कामकाज सुरू करायला गणपूर्तीची गरज नाही.

मात्र व्यासपीठावरच्या खुर्चीचं तसं नाही. तिथे जिल्हाधिकारी हवेत किंवा त्यांचा प्रतिनिधी, आणि तो प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा चालत नाही. वर बसणाऱ्याचा दर्जा ठरलेला आहे, समोर बसणाऱ्यांचा आकडा मात्र ठरलेला नाही. ‘जन’ हा शब्द मथळ्यात आला, तेवढ्याने भागतं.

आता समजा, बेळगाव जिल्ह्यातल्या लोंढ्याच्या आसपास कारखान्यांसाठी सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आलं. केंद्र अर्थातच प्रादेशिक. घाण साऱ्या तालुक्याची, वास एका गावाचा. नियमानुसार ३० दिवस आधी दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची, एक मोठं राष्ट्रीय आणि एक स्थानिक भाषेतलं. जिथे पेपरच पोहोचत नाही तिथे ढोल बडवून दवंडी पिटायची. ही सोयही त्याच परिशिष्टात आहे. सुनावणीचा दिवस उजाडतो तो नेमका भात लावणीचा. मांडव पडलेला, खुर्च्या रांगेत, टेबलावर पांढरी चादर, वीस लिटरचा पाण्याचा जार आणि कागदी पेल्यांची चळत. समोर कोणी नाही. साहेब घड्याळ बघतात, कागद बघतात आणि सुरुवात करतात. कंपनीचा माणूस रिकाम्या खुर्च्यांना नकाशा दाखवतो, हिरवा पट्टा दाखवतो, दुर्गंधी येणार नाही याची ग्वाही देतो. खुर्च्या हरकत घेत नाहीत. कॅमेरावाला हे सगळं चित्रित करतो, कारण चित्रीकरण सक्तीचं आहे. हजेरीपट कोरा; तो तसाच अहवालाला जोडायचा. मग येतो सगळ्यांत गोड भाग: कामकाजाचा गोषवारा शेवटी श्रोत्यांना त्यांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचा आणि साहेबांनी त्यावर त्याच दिवशी सही करायची. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी उभा राहतो आणि “एकही हरकत आलेली नाही” हे वाक्य मांडवाच्या खांबांना शुद्ध मराठीत, मग शुद्ध कन्नडमध्ये समजावून सांगतो. खांबांपैकी एखादा कोंकणी बोलणारा असला तर त्याने लेखी अर्ज करावा. मांडववाला तेवढा शेवटपर्यंत थांबतो, कारण त्याला खुर्च्या मोजून न्यायच्या असतात. त्या दिवशी मोजणी होते ती खुर्च्यांची.

२०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला. त्यात जाहिरातीची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणायची होती. येणारे तरी कुठे येतात, असा हिशेब असावा.

पण हा तमाशा निदान कारखान्यांच्या सामाईक केंद्राच्या वाट्याला येतो. अधिसूचनेच्या यादीत ते ७(ह) या क्रमांकावर आहे. शहराच्या संडास-मोरीचं पाणी शुद्ध करणारं केंद्र त्या यादीतच नाही. त्याला मांडव नाही, दवंडी नाही, रिकाम्या खुर्चीचाही मान नाही. बेळगावला लागून असलेल्या हलग्यात अशा केंद्राला पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे भांडले. तिथे लोकांचं मत अजमावायला पोलीस बंदोबस्त होता. केंद्र नको, असं कोणीच शहाणा माणूस म्हणणार नाही. देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि चालू केंद्रांची क्षमता २६,८६९ दशलक्ष लिटरची, हा २०२०-२१ चा अधिकृत हिशेब आहे. उरलेलं जातं कुठे, ते बळ्ळारी नाल्याकाठी भात पिकवणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात नाला फुगला की शहराची मोरी त्याच्या वाफ्यात असते. ज्याच्या वाफ्यात घाण आधीपासून आहे त्याला केंद्राबद्दल काय वाटतं हे विचारायला कायद्यात जागा नाही, आणि ज्या ठिकाणी जागा आहे तिथे ऐकायला माणूस लागत नाही! याला जनमत म्हणायचं असेल तर पंचांग वाचूनही निवडणूक घेता येईल.

सुनावणी नसली, तरी अशा केंद्राला १९७४ च्या जल कायद्याच्या २५ व्या कलमाखाली मंडळाची संमती लागते. त्याचं सातवं पोटकलम तर वाचून डोळे निवतात. मंडळाने चार महिन्यांत हो-नाही काहीच कळवलं नाही तर संमती मिळाली असं समजायचं, तीही बिनशर्त. वारसाच्या नोंदीचा अर्ज कचेरीत चार महिने पडून राहिला तर नोंद झाली असं कोणी समजत नाही. “पुढच्या आठवड्यात या” एवढंच समजतं.

मात्र त्याच कलमाचं सहावं पोटकलम कोणी मोठ्याने वाचत नाही. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची आणि त्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध आहे किंवा ज्याला त्याची झळ बसते, त्याला ती योग्य वेळी पाहू द्यायची. तेव्हा लोंढ्याहून, खानापुराहून, हलग्याहून जे कोणी कचेरीत जातील त्यांनी थेट वही मागावी. खिडकीपलीकडून “कसली वही?” असं येईलच. त्यावर फक्त आकडे सांगावेत: पंचवीस, पोटकलम सहा. साहेब फिरतीवर असतील तर ते परत कधी येणार, हे लिहून मागावं.