मामाची मुलगी आणि माकड

जॉर्जेट हेयरबाईंची 'द ग्रँड सोफी' ही कादंबरी 1950 साली आली, पण ती घडते 1816 च्या लंडनमध्ये. सोफी आत्याच्या घरी उतरते ती पोपट, कुत्रा आणि माकड घेऊन. पुढे घरातल्यांची लग्नं तीच मार्गी लावते. कुणी विचारलेलं नसतंच.

एक वाचक म्हणतो, हसून हसून पोट दुखलं. दुसऱ्याच्या मते ही सोफी भलतीच आगाऊ आहे. (दोघंही एकाच गुणाबद्दल बोलत असतात.) तिसऱ्याला त्या काळचे कपडे, बग्ग्या, बोलण्यातली ऐट यांच्या तपशिलाची नशा चढते आणि चौथा त्याच पानांवर डुलक्या घेतो.

परदेशी वाचकांचा मोठा आक्षेप शेवटावर: सोफी चक्क आतेभावाशी लग्न करते! शी! इथे मराठी वाचक गोंधळतो. मामाची मुलगी केली, यात बिघडलं कुठे? आमच्याकडे कित्येक घरांत तिच्यावर पहिला हक्कच भाच्याचा.

मात्र एका प्रसंगाला हसणं अवघड जातं. सोफी पिस्तूल घेऊन सावकाराला वठणीवर आणते, आणि तो सावकार ज्यूंविषयीच्या जुन्या, ओंगळ साच्यातून काढलेला आहे. तोही दुसऱ्या महायुद्धानंतर पाचच वर्षांनी. 'त्या काळी असंच लिहीत' म्हणणाऱ्या चाहत्यांना विचारावं, कोणत्या काळी, 1816 की 1950? मग ते घाईघाईने माकडाचा विषय काढतात.