चिमटेकाका

चिमटेकाका शहराच्या प्रत्येक गल्लीत एक याप्रमाणे आढळतात. एका गल्लीत दोन सापडल्यास त्यांचे आपसांत बोलणे नसते. वय साठीच्या पुढे, नोकरी बहुधा बँकेत झालेली, अंगात कुठल्याशा शिबिराचा विटका टी-शर्ट, हातात रबरी मोजे आणि लांब दांड्याचा चिमटा. वेळ सकाळी साडेसहा ते आठ. वार रविवार; दुखणे जुने असल्यास रोज.

परंपरा थोर आहे. गाडगेमहाराज (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. काकांनी त्यात थोडी सुधारणा केली : कीर्तन रात्रीवर न ठेवता ते झाडतानाच उरकतात. सेनापती बापटांनीही पारनेरचे रस्ते झाडले होते, हे काका प्रत्येकाला दोनदा सांगतात. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियान सुरू झाले तेव्हा अख्खी गल्ली झाडू घेऊन खाली उतरली आणि फोटो निघाल्यावर वर गेली. खाली राहिला तो चिमटेकाका.

काका कचरा उचलतात एवढेच असते तर गल्लीने त्यांचा सत्कार करून विषय संपवला असता. पण काका कचरा परत करतात. कुरिअरचे पाकीट सापडले की ते चष्मा कपाळावर चढवून त्यावरचा पत्ता वाचतात, जिना चढतात, बेल वाजवतात आणि अत्यंत अदबीने म्हणतात, “आपलं काहीतरी राहिलं होतं.” दार उघडणारा तोंडात ब्रश घेऊन उभा असतो, त्याला भांडताही येत नाही. लग्नाच्या पंगतीबाहेर वरपक्षातल्या एका मामांनी आइस्क्रीमचा कप कुंडीत खोचला, तोही काकांनी अहेराच्या रांगेत उभे राहून मामांच्या हातात दिला : “आपलं काहीतरी राहिलं होतं.” चालत्या गाडीतून वेफर्सचे पाकीट पडले, तर पुढच्या सिग्नलला काच ठोठावली जाते. वाक्य तेच.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. काकांच्या पोत्यात सर्वांत जास्त पुड्या निघतात त्या गुटख्याच्या. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी असल्यामुळे तो कुणीच खात नाही. परत करणार कुणाला? प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे; त्याही तितक्याच बेवारस. पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या देवांच्या तडकलेल्या तसबिरींपुढे मात्र काका चिमटा बाजूला ठेवतात, चपला काढतात, मोजेही काढतात आणि फुटकी काच वेगळी करून तसबीर दोन्ही हातांनी उचलतात. ती कुणाच्या घरची, हे त्यांना माहीत असते. तिथे बेल वाजत नाही.

सर्वांत मोठी परतफेड नगरसेवकाची. वाढदिवस होऊन महिना उलटला तरी विजेच्या खांबावर लोंबणारा फ्लेक्स काकांनी गुंडाळून संपर्क कार्यालयात नेऊन दिला : “आपलं काहीतरी राहिलं होतं.” नगरसेवक भारावले. पुढच्या वाढदिवशीच्या फ्लेक्सवर खालच्या कोपऱ्यात काकांचा हसरा फोटो आला, ‘प्रभागाचे स्वच्छतादूत’. पहिल्याच वळवाच्या पावसात तो फाटून रस्त्यात पडला. काका धावले, उचलला, उलटा केला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मालकाचा तपास लागला होता.

गल्लीचे काकांविषयीचे मत सर्वश्रुत आहे. महापालिकेच्या झाडूवालीचे मत वेगळे आहे आणि ते तिने फक्त काकांना सांगितले : “काका, तुम्ही रविवारी ढीग करता, तो सोमवारी उचलते मीच.” काका त्या दिवशी वरमले. तेव्हापासून ते ढीग करीत नाहीत, पोती भरून कोपऱ्यावर बांधून ठेवतात. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल खूण करतात, कारण तिला मिळालेले मोजे पहिल्याच महिन्यात फाटतात. गल्लीत तिचे नाव ठाऊक असलेला माणूस हा एकच. बाकीच्यांना ती ‘कचरेवाली’ म्हणून परिचित आहे. वास्तविक कचरा त्यांचा असतो.

लक्ष्मीपूजनाला घरोघरी नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. गल्लीतही वाहतात. त्या सकाळी काका चिमटा न घेता बाहेर पडतात. हजेरी संपवून ती कोपऱ्यावर खराटा टेकवते तेव्हा ते पिशवीतून फराळाचा डबा आणि रबरी मोज्यांचा नवा जोड काढून तिच्यापुढे धरतात आणि त्याच अदबीने म्हणतात, “ताई, आपलं काहीतरी राहिलं होतं.”