गुळगुळीत जमिनीचं तिकीट

बाबागाडी न्यायची की नाही यावरून घरात आवाज चढले की समजावं, खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कची तिकिटं काढून झाली आहेत. तिकिटं काढताना कुणी भांडत नाही. मोबाइलवर दोन बोटं फिरली, पैसे कापले गेले, विषय संपला. भांडण उरतं ते चार चाकांचं. पुणेकराला हे भांडण परवडतं. खोपोली त्याच्या हाकेवर आहे, विसरलंच काही तर दुपारी कुणीतरी आणून देईल. नाशिककर मात्र कोंबडं आरवायच्या आत उठतो, पेंगणारं पोर गाडीत कोंबतो आणि इगतपुरीला समृद्धी महामार्गावर चढतो. त्याने घेतलेला निर्णय कसारा घाट मागे पडल्यावर बदलता येत नाही.

घरात तीन पक्ष असतात. पहिला आजीचा. "कडेवर घ्यायला हात मोडलेत का तुमचे? वणीच्या गडावर मी ह्याला कडेवर घेऊन चढले होते, वर नारळाची पिशवी वेगळी." हा मुद्दा बिनतोड असतो, फक्त २०१८ पासून त्याच सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आहे आणि आजी गुडघ्यांमुळे आता त्याच ट्रॉलीने वर जातात. हे बोलून दाखवायची हिंमत घरात कुणात नसते.

दुसरा पक्ष आईचा. तिला बाबागाडी हवीच असते आणि त्याचं कारण बाळ नसतं. लंगोट, दुधाची बाटली, गरम पाण्याचा थर्मास, तीन जादा कपडे, पंचा, मऊ भाताचा डबा, औषधाची पिशवी, आणि नवऱ्याचा गॉगल, हे सगळं तिला खांद्यावरून उतरवायचं असतं. बाळ बाबागाडीत बसेल अशी तिची अपेक्षाच नाही. पार्कच्या दारातून आत गेल्यावर थोड्याच वेळात बाळ कडेवर, पिशव्या गाडीत ऐसपैस पसरलेल्या, आणि बाप रिकामं आसन ढकलत चाललेला, ही मिरवणूक कुठल्याही रविवारी बघायला मिळते.

तिसरा पक्ष बाबांचा. त्यांचा आक्षेप तांत्रिक. डिकीत सीएनजीची टाकी आहे. गाडी घेताना पेट्रोलचा हिशेब मांडला होता, बाबागाडीचा नव्हता. टाकीच्या वर उरलेल्या बोटभर जागेत एक सतरंजी मावते, ती आधीच तिथे आहे. म्हणजे बाबागाडी मागच्या सीटवर, आजींच्या मांडीवर आडवी. बाबागाडीला विरोध करणाऱ्या पक्षाने ती खोपोलीपर्यंत मांडीवर नेणे, याला संसारात युती म्हणतात.

हलकी घडीची बाबागाडी हा मुळात एका विमानवाल्याचा शोध आहे. ओवेन मॅक्लारेन हा इंग्रज इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची चाकं पंखांत दुमडणाऱ्या रचनेवर त्याने काम केलेलं. म्हातारपणी लेक मॉस्कोहून नातवंडासह घरी आली आणि तिची अवजड प्रॅम ओढताना होणारे हाल त्याने पाहिले. १९६५ मध्ये त्याने छत्रीसारख्या मिटणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या गाडीचं पेटंट मागितलं. तिचं वजन सहा पौंड, आपल्या मापात पावणेतीन किलो. मॅक्लारेन आजोबांनी इतकं सोपं करून ठेवलेलं काम आपण पुन्हा कठीण केलं. हल्ली घरात येते ती गाडी चांगली आठ-दहा किलोंची, तिला मच्छरदाणी, चहाचा कप ठेवायला खोबण, आणि खेळण्यांचा दांडा. ती उघडते एका झटक्यात. मिटताना मात्र एक पाय खालच्या दांडीवर, एक अंगठा लाल बटणावर, दुसरा हात पट्ट्यात आणि तोंडात गाडीची किल्ली, अशा आसनात बाबा पार्किंगच्या उन्हात उभे राहतात. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवतो. शेवटी पार्किंगवाला पोरगा येतो, कुठेतरी टिचकी मारतो आणि गाडी मुकाट्याने मिटते. त्या पोराचं अजून लग्नही व्हायचं असतं.

हे सगळं सोसूनही लोक बाबागाडी नेतात, कारण तिचे काही फायदे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेले नसतात. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाचं चालतं. त्यामुळे बाबागाडीच्या खालच्या जाळीत, मऊ भाताच्या डब्याखाली, दुपट्यात गुंडाळलेला कोंडाजी चिवडा प्रवास करतो. "बाळाचं खाणं आहे हो." सुरक्षारक्षक वाकतो, पुडा चाचपतो, बाळाकडे बघतो. बाळ हसतं. तोंडात दोनच दात. "तिखट आहे का?" तो विचारतो. आजी क्षणाचाही विलंब न लावता सांगतात, "थोडा आहे, पण सवयीचा आहे त्याला." एवढ्या आत्मविश्वासापुढे कुठलाही नियम टिकत नाही.

दुसरा फायदा उंचीचा. पार्कांत मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी उंचीवर ठरतं. एसटीत पाच वर्षांपुढे अर्ध तिकीट, म्हणून सहा वर्षांचं पोर कंडक्टरपुढे चारचं सांगायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. वय खोटं सांगता येतं, उंचीच्या पट्टीपुढे उभं राहून काय सांगणार? पण बाबागाडीत मुडपून, टोपी घालून, पांघरूण ओढून बसवलेल्या पोराची उंची कोण मोजतो? तीच आई आत गेल्यावर पाळण्यापुढच्या पट्टीशी त्याच पोराला टाचा उचलून उभं करते आणि सांगते, "आमचा वयाच्या मानाने उंचच आहे."

या पार्कवाल्यांबद्दल जाता जाता एक सांगायला हवं. इमॅजिका २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी उभारलं. पुढे २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलं. शिर्डीचं साईतीर्थ आणि वॉटर पार्कही त्यांचंच. आणि गाय छाप जर्दाही. म्हणजे आजोबांनी तळहातावर चुना मळून ज्या घराण्याला मोठं केलं, त्याच घराण्याच्या पाळण्यात आता नातू किंचाळतो. नाशिक-पुणे रस्त्यावर संगमनेर लागलं की आपण फक्त चहाला थांबत होतो, तेव्हा त्या गावात किती लांबचा विचार चालला होता हे आपल्याला कळलंच नाही.

तर, चाकांकडे परत. बाबागाडीवरून भांडण नेमकं पार्कला जातानाच का होतं? एरवी का होत नाही? नाशकात गंगापूर रोडला भाजी आणायला, कॉलेज रोडला आइस्क्रीम खायला, मेन रोडला साडी घ्यायला जाताना हा प्रश्न कुणालाच का पडत नाही? कारण उत्तर ठरलेलं आहे. एरवी ती गाडी नेताच येत नाही. मेन रोडवर माणसालाच आडवं होऊन चालावं लागतं. रविवार कारंजाला फुटपाथ शोधायचा तर पुरातत्त्व खात्याला बोलवावं लागेल. कॉलेज रोडला फुटपाथ आहे, पण त्यावर आधी मोटारसायकली आहेत, मग पाणीपुरीवाला, मग केबलवाल्याने उघडून ठेवलेलं झाकण, मग एक झाड, आणि त्या झाडाला पार बांधलेला. पार ओलांडला की फुटपाथ संपतो आणि इतक्या उंचीवरून संपतो की आजींना हात द्यावा लागतो. कुठे कुठे सुरुवातीलाच लोखंडी खांब रोवलेत, दुचाकी चढू नये म्हणून. दुचाकीवाला दोन खांबांमधून सफाईने जातो. अडकते ती बाबागाडी आणि व्हीलचेअर.

कागदावर आपण श्रीमंत आहोत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, फुटपाथ मोकळा असा किमान १.८ मीटर हवा आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच येतो. तिकडे अमेरिकेत डिस्नीने मे २०१९ पासून नियम केला की ३१ इंचांपेक्षा रुंद बाबागाडी आत येणार नाही, फार गर्दी होते. आता हिशेब करा. डिस्नीच्या मापातल्या सगळ्यात रुंद दोन बाबागाड्या आपल्या कागदावरच्या फुटपाथवर शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकतात. ऑर्लँडोहून सुट्टीला आलेल्या भाच्याने तसली एक गाडी इंदिरानगरच्या रस्त्यावर उतरवून पाहावी. मामा म्हणतील, "तिथे उभा राहू नकोस, रिक्षा येतीये."

स्मार्ट सिटीत नाशिकने एक स्मार्ट रोड केला, अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका. लांबी १.१ किलोमीटर. तो होईतोवर तिथल्या दुकानदारांची आणि शाळकरी मुलांच्या आयांची जी दैना झाली ती शहर विसरलेलं नाही. एवढं करून चालायला रुंद जागा मिळाली खरी. पण बाळाला फिरवायला तेवढ्या तुकड्यावर जायचं म्हणजे आधी तिथपर्यंत गाडीने जायचं, आणि मग गाडी लावायची कुठे? आता सिंहस्थाची खणाखणी आहेच. बारा वर्षांनी देव येणार म्हटल्यावर बाळाच्या चाकांचं कोण बघतो?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की थीम पार्कात आपण पाळण्यांचे पैसे देतच नाही. दीड वर्षाच्या बाळाला बसता येईल असे पाळणे असतात किती? मोठ्यांच्या पाळण्यात त्याला घेत नाहीत, रोलर कोस्टर ते खालून बघतं आणि दचकून रडतं. आपण पैसे देतो ते सपाट फरशीचे. उतार आहे तिथे पायरीऐवजी रॅम्प, झाकण बसलेलं, मधे मोटारसायकल नाही, कुत्रं नाही, हॉर्न नाही, बसायला बाक, दर थोड्या अंतरावर स्वच्छतागृह. महापालिकेने घरपट्टीत द्यायची वस्तू आपण दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन, माणशी हजार-दीड हजार मोजून, एका दिवसापुरती भाड्याने घेतो आणि घरी येऊन म्हणतो, "पार्क काय मस्त मेंटेन केलंय!"

तेव्हा नेऊ का नको असं विचारणाऱ्याला माझं उत्तर, न्या. आयुष्यात ती एकदाच नीट चालणार आहे. फक्त तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तरच, आणि आधी पार्कात फोन करून भाड्याने मिळते का ते विचारा. मिळत असेल तर आजींची मांडी वाचेल. वॉटर पार्कच्या बाजूला नेऊ नका, तिथे ओल्या कपड्यांची पिशवी लटकवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीवर पंचा, ओढणी, दुपटं असं काही चारी बाजूंनी झाकून टाकू नका. नजर लागू नये म्हणून झाकता, आत हवा कोंडते आणि बाळ उकडून निघतं. त्यातून ते जमिनीच्या जवळ असतं, तापलेल्या फरशीची झळ आपल्या चेहऱ्याआधी त्याला लागते.

एक गोष्ट मात्र कुणी हिशेबात धरत नाही. बाबागाडी नेली की तिला राखणदार लागतो. प्रत्येक पाळण्याच्या रांगेबाहेर बाबागाड्यांचा तळ पडलेला असतो आणि प्रत्येक तळावर एकेक आजी किंवा आई बसलेली असते. पूर्ण तिकीट काढून आत आलेली ही बाई दिवसभरात तीन पर्स, चार मोबाइल, कुणाकुणाचे बूट आणि झोपलेलं बाळ सांभाळते. बाबा "आलोच" म्हणून रांगेत जातात आणि तासाने केस विस्कटून परततात. "तू पण जाऊन ये ना," असं ते म्हणतात, पण कुठल्या पाळण्याला आता रांग नाही हे त्यांना ठाऊक नसतं आणि बाळ त्याच क्षणी उठतं. गाडी नेली नसती तर बाळ कुणाकडे असतं? तिच्याकडेच. पण निदान बाबांना बाहेर थांबायला लाज तरी वाटली असती.

चाकांवाचूनही बाळ सांभाळता येतं. पेठ-सुरगाण्याच्या बाया द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला येतात, तेव्हा मांडवाच्या तारेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून बाळ निजवतात आणि रांग पुढे सरकली की झोळीही पुढे सरकवतात. घडी घालायला बटण नाही, डिकीची भानगड नाही. तशाच कापडाला बक्कल लावून कॉलेज रोडच्या दुकानात दोन-तीन हजारांना विकतात, डब्यावर गोऱ्या बाळाचं चित्र. नवमाता ती घेते, बक्कल कुठे अडकवायचं याचा व्हिडिओ बघते, आणि पार्कच्या दिवशी ती विसरून बाबागाडीच नेते.

पार्कहून परतल्यावर बाबागाडीचं पुढे काय होतं, हेही सांगून ठेवतो. आठवडाभर ती पॅसेजमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नडगीला लागते. मग गॅलरीत जाते, मग तिच्यावर टॉवेल वाळतात. बाळ चालायला लागतं, गाडीत बसवलं की कमान होऊन ओरडतं. ओएलएक्सवर टाकली तर लोक निम्म्यापेक्षा कमी भाव मागतात आणि वर विचारतात, "दादा, किती वेळा वापरली?" खरं सांगितलं तर विश्वास बसणार नाही. मग उन्हाळ्यात निफाडहून मामांचा टेम्पो येतो, वर्षाच्या कांद्याची गोणी घेऊन. टेम्पो सोसायटीच्या गेटपाशीच थांबतो, वॉचमन रजेवर. आजी गॅलरीतून बाबागाडी खाली आणायला लावतात, मच्छरदाणी काढतात, आणि पन्नास किलोंची गोणी पट्टा लावून आसनावर बसवतात. गेटपासून लिफ्टपर्यंत फरशी अगदी गुळगुळीत आहे. बाबा ढकलतात, आजी मागून गोणी धरतात, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी वाकून विचारतात, "आमची पण एक गोणी आहे, तेवढी आणता का?"